सर्टिफिकेट नको, दुसरा डबा द्या

'महिलांसाठी मोफत उद्योजकता प्रशिक्षण, वेळ सकाळी ११ ते ४, जेवणाची सोय आहे, आधारची झेरॉक्स सोबत आणावी.' असला बोर्ड पूर्व नागपुरातल्या कुठल्याही वस्तीच्या समाजभवनावर वर्षातून दोन-तीनदा तरी लागतोच, आणि दर वेळी तो वाचून मला एकच प्रश्न पडतो की बाबा ही अकराची वेळ ठरवतं कोण?

कारण सकाळी अकराला धंदा करणारी बाई कुठे असते? भाजीवाली पहाटे कळमन्याला किंवा कॉटन मार्केटला जाऊन माल घेऊन आलेली असते आणि अकराला तिचा हातठेला तिसऱ्या गल्लीत असतो. नाश्त्याच्या ठेल्यावर दुसऱ्या घाण्याची तयारी सुरू असते. शिवणकाम करणारी पोरांच्या शाळेच्या वेळातच मशीनवर बसू शकते, तीच तिची अकराची वेळ. मग हॉलमध्ये येतं कोण तर जिला त्या वेळी काही काम नाही ती, म्हणजे जिचा धंदाच नाही ती. जिला धंदा करायचा आहे की नाही हेही अजून ठरलेलं नाही अशा बाईला पाच दिवस बिझनेस प्लॅन शिकवायचा, शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट हातात देऊन ग्रुप फोटो काढायचा आणि अहवालात लिहायचं की चाळीस महिला प्रशिक्षित झाल्या. आमच्या ओळखीत एक काकू आहेत, त्यांच्याकडे शिवण, अगरबत्ती, ब्युटी पार्लर आणि पापड-लोणचं अशी चार सर्टिफिकेटं आहेत, लॅमिनेट करून ठेवलीत. धंदा एकही नाही. त्यात काकूंची काही चूक नाही, त्यांना बोलावलं म्हणून त्या गेल्या, जेवण चांगलं होतं म्हणाल्या.

आणि एकाच गल्लीतल्या तीस बायांना एकाच वेळी पापड शिकवल्यावर ते पापड घ्यायचे कोणी हे कोणी विचारतच नाही. गल्लीतल्या सगळ्याच पापड करणार असतील तर गिऱ्हाईक कुठून येणार, शहरातल्या महाल भागातून?

मी स्वतः काही कोणी तज्ज्ञ वगैरे नाही हे आधीच सांगते. इतवारीत किराण्याच्या ठोक दुकानात मी बरीच वर्षं अकाउंट लिहिलं, आधी वहीत मग टॅलीवर, आता घरूनच छोट्या दुकानदारांचे जीएसटीचे रिटर्न भरते. एकदा अशाच एका ट्रेनिंगवाल्यांनी मला 'हिशोब कसा ठेवावा' यावर दोन तास बोलायला बोलावलं. मी मोठ्या उत्साहाने गेले, फळ्यावर मधोमध रेघ मारली, डावीकडे जमा उजवीकडे नावे, रोजमेळ, खतावणी, सगळं आलं. बाया मान हलवत होत्या. शेवटी काही शंका असल्यास विचारा म्हटलं तर मागून एक पोहेवाल्या मावशी उठल्या, त्या दिवशी त्यांच्या ठेल्याजवळ कसलं तरी खोदकाम होतं म्हणून धंदा बंद होता आणि म्हणूनच त्या आल्या होत्या. म्हणाल्या, "मॅडम, हे सारं ठीक आहे, पण माहा नवरा दुपारी येते आन् गल्ल्यातून दोनशे घेऊन जाते, तं ते कोन्या खान्यात लिहू?"

सगळा हॉल हसला. मीही हसले आणि पुस्तकातलं उत्तर दिलं, की मावशी याला ड्रॉइंग्ज म्हणतात, मालकाने स्वतःसाठी काढलेले पैसे. मावशी म्हणाल्या, "नाव काहीबी द्या, पैसे तं गेले ना. आन् मालक तं मी आहो."

त्या दिवशी घरी जाताना ऑटोत मला कळलं की मी दोन तास भलत्याच प्रश्नाचं उत्तर शिकवून आले. खरा प्रश्न लिहायचं कसं हा नव्हताच. गल्ला एकच आहे, त्यातूनच उद्याचे पोहे येतात, त्यातूनच पोरीची फी जाते, नवऱ्याचे दोनशे जातात, आणि संध्याकाळी जे उरतं त्याला ती कमाई समजते, हा खरा प्रश्न होता आणि तो माझ्या फळ्यावर कुठेच नव्हता.

तेव्हापासून माझं मत असं झालंय आणि ते मी जरा जोरातच मांडते, की वस्तीतल्या मोठ्या माणसांना धंदा 'शिकवायचा' असेल तर तो हॉलमधून उचलून ठेल्याजवळ न्या, त्यांच्या वेळेला न्या, त्यांच्याच गल्ल्यातल्या पैशांपासून सुरू करा आणि पाच दिवसांत पळून जाऊ नका. एवढं जमत नसेल तर तो पैसा सरळ रस्त्यावरच्या नळाला आणि शेडला लावा, त्याने जास्त भलं होईल.

वेळेचं म्हणाल तर ही काही मला सुचलेली नवी अक्कल नाही. १८५५ मध्येच जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी शाळा काढली ती रात्रीची. दिवसा राबणारा माणूस दिवसा शाळेत येणार नाही ही साधी गोष्ट त्यांना तेव्हा कळली होती. आपण पावणेदोनशे वर्षांनी पुन्हा अकरा ते चारवर येऊन बसलो, कारण शिकवणाऱ्याची ड्युटी पाचला संपते.

दुसरी गोष्ट म्हणजे या बायांना हिशोब येत नाही हा आपला जो समज आहे ना तो आधी काढून टाका. साताऱ्याकडे म्हसवडला माणदेशी बँकेची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. चेतना सिन्हा यांनी तिथल्या बायांची बँक काढायचं ठरवलं तेव्हा रिझर्व्ह बँकेने आधी परवानगी नाकारली, कारण अर्जदार बाया निरक्षर, अंगठे उठवणाऱ्या. काही महिन्यांनी त्याच बाया परत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या की आम्हाला व्याजाचं गणित घाला, नाही आलं तर लायसन्स देऊ नका, पण तुमच्या ऑफिसरांनाही तेच गणित कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा. १९९७ मध्ये बँक सुरू झाली. पुढे त्यांनी बायांसाठी बिझनेस स्कूल काढलं आणि ते बसमध्ये घालून गावोगाव फिरवलं, म्हणजे बाई शाळेत येत नाही तर शाळाच बाईकडे. कॉटन मार्केटात पाच मिनिटं उभे राहा, भाजीवाली सव्वा तीन पाव वांग्याचे, अडीच पाव टमाटरचे आणि वर दहाचा सांबार असा हिशोब तोंडीच करून सुटे पैसे हातात ठेवते तोवर आपण मोबाईल काढलेला असतो. (सांबार म्हणजे कोथिंबीर, पुण्याकडच्या वाचकांनी इडली डोळ्यांसमोर आणू नये.)

मग येत काय नाही? माझ्या अनुभवात दोन-तीनच गोष्टी अडतात. घरचा पैसा आणि धंद्याचा पैसा एकत्र असतो. आपल्या मेहनतीची किंमत कोणी धरत नाही. आणि कर्ज नेमकं किती महाग पडतं हे कळू नये अशाच पद्धतीने ते दिलेलं असतं.

त्या पोहेवाल्या मावशींचाच हिशोब सांगते, नंतर मी त्यांच्या ठेल्यावर जाऊन जाऊन तो काढला. मेडिकल चौकाच्या बाजूला (मेडिकल म्हणजे इथला मोठा सरकारी दवाखाना) ठेला, सकाळी सहा ते अकरा, पोहे आणि चना-तर्री. दिवसाला सरासरी ८० प्लेटी, प्लेट २० रुपये, म्हणजे गल्ला १,६०० रुपये. त्यांना विचारलं कमाई किती तर म्हणाल्या हजार तं सुटतेच. मग एकेक काढत गेलो. पोहे पाच किलो २७५, चना दीड किलो १३५, तेल दीड लिटर २२५, कांदा-टमाटर-मिरची-सांबार १८०, मसाला ८०, शेव-लिंबू ९०, कागदी प्लेटा आणि चमचे ८०, आणि गॅस. गॅसचं त्या धरतच नव्हत्या कारण तो रोज घ्यावा लागत नाही, अकरा-बारा दिवसांनी एकदम सिलेंडर येतो आणि त्या दिवशी 'आज लय खर्च झाला' असं वाटतं. तो रोजचा १७० पडतो. सगळं मिळून १,२३५. वर ठेला भाड्याचा, त्याचे १०० रोज. राहिले २६५.

दोनशे पासष्ट. मावशी बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग मीच मूर्खासारखं पुढचं विचारलं, की उठता किती वाजता? साडेतीनला. रात्री चना भिजवणं, दुपारी बाजार, भांडी, सगळं धरून दहा तास तरी होतात, म्हणजे तासाला साडेसव्वीस रुपये, आणि पोरगी सकाळी दोन तास प्लेटा उचलते ती फुकटात. मावशी म्हणाल्या, "याच्यापेक्षा तं मी दुसऱ्याच्या ठेल्यावर कामाला लागली अस्ती."

आता हे गणित त्यांना येत नव्हतं असं नाही, प्रत्येक आकडा त्यांनीच सांगितला, मी फक्त लिहिला. पण हे सगळे आकडे कधी एका कागदावर आलेच नव्हते, कारण सकाळी चारशे दिले तेलाचे-पोह्याचे, गॅस महिन्यातून अडीच वेळा, भाडं आठवड्याला, आणि मधे नवरा. आणि गंमत बघा, यात कुठेही मार्केटिंग नाही, ब्रँडिंग नाही, लोगो नाही, जे त्या पाच दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात.

मग भाव वाढवायचा प्रश्न आला. प्लेट २५ केली तर गिऱ्हाईक तुटेल ही भीती, आणि ती खरी होती, बाजूचाच ठेला २० ला देत होता. मी म्हटलं किती तुटेल? पाच? दहा? समजा बारा प्लेटी कमी झाल्या. ६८ प्लेटी गुणिले २५ म्हणजे १,७००. माल पण कमी लागेल, खर्च साधारण १,०५० वर येईल, भाडं १००, उरले ५५०. काम कमी, पैसे दुप्पट. मावशींना पटलं नाही. दीड महिना त्या विचार करत राहिल्या, मग ओपीडीला गर्दी असते त्या एका सोमवारी २५ केले. किती गिऱ्हाईक तुटलं? पहिल्या आठवड्यात बरंच, नंतर काही परत आले, काही नाही आले. मेडिकलमध्ये पेशंटसोबत येणारी गडचिरोली-भंडाऱ्याकडची मंडळी असते, त्यांच्यासाठी मावशींनी स्वतःच डोकं लावून १५ ची हाफ प्लेट काढली. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. माझा मुद्दा तोच आहे, की शिकवणाऱ्याने गणित पुढे ठेवावं, धंदा त्यांनाच जास्त कळतो.

आणि डबे. दोन डबे. एक धंद्याचा, एक घरचा. रोज संध्याकाळी मावशी स्वतःचा पगार म्हणून ठरलेले तीनशे घरच्या डब्यात टाकतात, नवऱ्याला काय ते त्या डब्यातून. धंद्याच्या डब्याला हात लावायचा नाही, लावला तर चिठ्ठी टाकायची. एवढंच. मला वाटलं होतं ही माझीच आयडिया, पण नंतर वाचलं तर हे जगात करून पाहिलेलं आहे. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये छोट्या धंदेवाल्यांचे गट करून अभ्यास झाला होता, एका गटाला रीतसर अकाउंटिंग शिकवलं आणि दुसऱ्याला फक्त असे साधे ढोबळ नियम, घरचे पैसे आणि धंद्याचे पैसे वेगळ्या खणात ठेवा, स्वतःला ठरावीक पगार द्या, या प्रकारचे. २०१४ मध्ये तो छापून आला. अकाउंटिंगवाल्यांच्या वागण्यात फारसा फरक पडला नाही, साध्या नियमवाल्यांचा हिशोब सुधारला. माझ्या जमा-नावेच्या फळ्याचं तिथे परस्पर पोस्टमॉर्टम झालेलं होतं.

दुसरा एक अभ्यास तर आपल्या इथलाच, अहमदाबादचा. सेवा बँक म्हणजे कष्टकरी बायांची सहकारी बँक, तिच्या बायांना दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं, त्यातल्या काहींना एकटीला बोलावलं आणि काहींना सांगितलं की येताना मैत्रिणीला घेऊन या. चार महिन्यांनी बघितलं तर फरक मैत्रीण घेऊन आलेल्यांमध्ये दिसला, त्यांनी कर्ज काढून धंद्यात लावलं, घरची कमाई वाढली. एकटीने आलेल्यांमध्ये फारसं काही नाही. मला यात नवल वाटलं नाही. घरी जाऊन 'मी आजपासून दोन डबे ठेवणार' हे एकटीने सांगायला जी छाती लागते ती गल्लीतली अजून एक बाई तेच करत असली की अर्धीच पुरते. आपल्याकडे बचत गट आहेत, भिशी आहे, विहारातल्या वंदनेला एकत्र जमणाऱ्या बाया आहेत, म्हणजे मैत्रिणी शोधायला बाहेर जायचीही गरज नाही. पण ट्रेनिंगवाले काय करतात, तर प्रत्येकीचा फॉर्म वेगळा, अंगठा वेगळा, बॅच नंबर वेगळा.

आता कर्जाचं. वस्तीत डेली कलेक्शनवाला येतो हे सगळ्यांना माहीत आहे. दहा हजाराचं कर्ज म्हणतो, त्यातले हजार आधीच कापून नऊ हजार हातात देतो, आणि शंभर दिवस रोज शंभर. ऐकायला किती सोपं, दहा टक्केच तं आहे ना ताई! पण नीट बघा, नऊ हजार पूर्ण शंभर दिवस तुमच्याकडे राहतच नाहीत, पहिल्याच दिवसापासून परत जायला लागतात, सरासरी साडेचार-पाच हजारच तुमच्या हातात असतात आणि त्यावर शंभर दिवसांत हजार रुपये व्याज. वर्षाच्या हिशोबाने हे पंचाहत्तर-ऐंशी टक्क्यांच्या घरात जातं. ही गोष्ट मी चण्याचे दाणे मांडून दाखवते, शंभर दाणे मांडायचे आणि रोज एक उचलायचा, मग कळतं की अर्ध्यातच अर्धे गेले.

आणि तरीही मी त्या बायांना वेड्या म्हणणार नाही. कलेक्शनवाला ठेल्यावर येतो, कागद मागत नाही, दहा मिनिटांत पैसे देतो. बँक मॅनेजर तिला बाकावर बसवतो आणि साडेतीनला सांगतो उद्या या. उद्या यायचं म्हणजे उद्याचे साडेपाचशे बुडाले. सरकारची फेरीवाल्यांसाठीची स्वनिधी योजना जून २०२० मध्ये आली, त्यात पहिलं कर्ज १०,००० चं होतं, ऑगस्ट २०२५ मध्ये ते १५,००० पर्यंत वाढवलं, वेळेवर फेडलं की दुसरं-तिसरं मोठं कर्ज मिळतं आणि व्याजावर सात टक्के सबसिडी. म्हणजे ऐंशी टक्के एकीकडे आणि हे दुसरीकडे. हा फरक चण्याच्या दाण्यांनी समजावणं आणि मग अर्ज भरायला सोबत जाऊन त्याच बाकावर बसणं, याला मी धंद्याचं शिक्षण म्हणते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, सरकारी साईटवर पूर्ण फुकट आहे, एक पैसा फी नाही, तरी वस्तीत ती 'काढून देण्याचे' पाचशे-हजार घेणारे आहेत आणि लोक देतात, कारण फुकट असते हेच कोणी सांगितलेलं नसतं.

क्यूआर कोडचंही तसंच. सगळ्यांच्या ठेल्यावर तो लागला, पण पैसे जातात पोराच्या नाहीतर नवऱ्याच्या खात्यात. मावशींचं खातंच नव्हतं त्या कोडच्या मागे! बँकेला दाखवायला जो सहा महिन्यांचा पुरावा आपोआप तयार झाला असता तो दुसऱ्याच्याच नावावर तयार होत होता.

इथे मला एक आक्षेप नेहमी येतो आणि तो मी टाळणार नाही. आमच्याच घरी माझा दीर म्हणतो, "वैनी, तुम्ही डबे शिकवता, पण उद्या अतिक्रमणवाल्यांची गाडी येते आन् ठेलाच उचलून नेते, मंग डब्यात काय ठेवता?" बरोबर आहे त्याचं, निम्मं तरी. जागा नसेल, पाणी नसेल, रोज हाकलून लावत असतील तर कसलं कौशल्य नि कसलं काय. गरिबाला अक्कल नाही म्हणून तो गरीब आहे असं जे या सगळ्या ट्रेनिंगच्या मागे गुपचूप गृहीत धरलेलं असतं त्याची मलाही चीड येते. या शहरात १८७७ ला सुरू झालेली एम्प्रेस मिल बंद पडली, तिच्या जागेवर आता मॉल आहे. हातमागावर पातळं विणणाऱ्या कोष्ट्यांच्या घरातले माग गेले. त्या लोकांना कौशल्य नव्हतं का? होतं की, पिढ्यान्‌पिढ्यांचं होतं. म्हणून 'स्किल दिलं की झालं' हे मी म्हणणारच नाही.

पण दिराला मी उलटं विचारते की गाडी आल्यावर काय करायचं हे तरी कोणी शिकवलं का? २०१४ चा फेरीवाला कायदा आहे. त्यात लिहिलंय की हटवायचं असेल तर तीस दिवस आधी नोटीस पाहिजे. माल उचलला तर त्याची यादी द्यावी लागते, आणि मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत सोडावा लागतो, अर्थात दंड भरून. शहर फेरीवाला समितीत किमान चाळीस टक्के सदस्य फेरीवाल्यांचेच पाहिजेत, तेही निवडून आलेले. मी आजवर ज्या ज्या ट्रेनिंगचा अभ्यासक्रम पाहिला त्यात 'व्यक्तिमत्त्व विकास' होता, 'टाईम मॅनेजमेंट' होतं (साडेतीनला उठणाऱ्या बाईला!), पण 'यादी मागा' हे दोन शब्द कुठेच नव्हते. सीताबर्डीच्या रस्त्यावर फेरीवाले आणि दुकानदार यांचं भांडण इतकी वर्षं चाललंय, तिथे उभं राहणाऱ्याला सगळ्यात आधी लागणारं बिझनेस स्किल हेच आहे.

आणि नागपूरचं कॅलेंडर? ते कोण शिकवतं? मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, तेव्हा नाश्त्याचा धंदा साडेआठलाच संपतो आणि रात्री आठनंतर बर्फगोळा-लस्सीवाल्याचा सुरू होतो. पोळ्याच्या पाडव्याला मारबतीची मिरवणूक बघायला इतवारी-महालात मुंगी शिरायला जागा नसते. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखोंनी लोक येतात, पुस्तकं, मूर्त्या, कॅलेंडरं, जेवणाचे स्टॉल, वर्षाची उलाढाल काही जणांची त्या तीन दिवसांत होते. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन आलं की मोर्चे आले आणि मोर्चे आले की चहा-नाश्ता आला, पण त्याच वेळी काही रस्त्यांवरून ठेलेही हटवतात. ताजबागचा उर्स आहे. धंद्याचा प्लॅन म्हणून पाच पानी फॉर्म भरून घेण्यापेक्षा भिंतीवरचं बारा महिन्यांचं कॅलेंडर घ्या आणि कुठल्या महिन्यात डब्यात पैसे टाकायचे, कुठल्या महिन्यात त्यातून काढायचे एवढं त्यावर बायांकडूनच खुणा करून घ्या. झाला प्लॅन.

सगळ्याच योजना वाईट असतात असंही नाही. कारागिरांसाठीच्या विश्वकर्मा योजनेत पाच-सात दिवसांच्या ट्रेनिंगला रोज ५०० रुपये मिळतात, म्हणजे धंदा बंद ठेवला तर माणसाचं नुकसान होतं हे निदान कोणाच्या तरी लक्षात आलं. आणि सर्टिफिकेट अगदीच कागद नाही, कधी कधी त्याच्याशिवाय कर्जाची फाईल पुढे जात नाही, शिवाय ज्या बाईच्या नावाचा कागद उभ्या आयुष्यात कधी भिंतीवर लागला नाही तिला त्याचं काय वाटतं हे मी बघितलंय, त्यावर मी हसणार नाही. माझं भांडण मोजण्याशी आहे. किती जणींना शिकवलं हे मोजलं की शिकवणारा बॅचवर बॅच काढतो. सहा महिन्यांनी किती जणींचे दोन डबे अजून दोनच आहेत, किती जणी डेली कलेक्शनमधून सुटल्या, किती जणींच्या क्यूआर कोडमागे स्वतःचं खातं आहे हे मोजायला लावा आणि शिकवणाऱ्याचा अर्धा पैसा तेव्हा द्या, मग बघा अकराची वेळ कशी बदलते ते.

शिकवणार कोण हा प्रश्न राहतोच. एमबीए झालेली पोरं येतात, चांगली असतात, पण त्यांना उधारी म्हणजे काय हे कळत नाही, ती सरळ सांगतात उधार देऊ नका. वस्तीत उधार दिलं नाही तर धंदा होत नाही, प्रश्न इतकाच आहे की किती द्यायचं आणि पगाराच्या तारखेला कोणाच्या दारात आधी जायचं. हे इतवारीतल्या जुन्या मुनिमाला माहीत असतं, रिटायर्ड बँक क्लार्कला माहीत असतं, आणि सगळ्यात जास्त दहा वर्षं ठेला टिकवलेल्या बाईला माहीत असतं. तिला मानधन देऊन शिकवायला उभं करा ना. मावशी आता दोघी-तिघींना प्लेटीचा हिशोब स्वतःच समजावतात आणि माझ्यापेक्षा बरा समजावतात, फक्त मधे मधे शिव्या देतात.

आमचा जो काही क्लास आहे, क्लास म्हणायचं म्हणून, तो गुरुवारी संध्याकाळी साडेचार ते सव्वापाच. बाजार आटोपलेला असतो, स्वयंपाक लागायचा असतो, तेवढीच फट सापडते. कधी नऊ जणी येतात, कधी चारच. दोघी सोडून गेल्या, एकीच्या धंद्याच्या डब्यातले पैसे सासूच्या दवाखान्यात गेले आणि ते परत आलेच नाहीत, चिठ्ठी मात्र आहे. समाजभवनाची चावी मागितली होती, चौकीदार पाचला जातो म्हणून मिळाली नाही, अर्ज करा म्हणाले, अर्ज केला. सध्या पायऱ्यांवर बसतो. पावसाळा लागला की कुठे बसायचं ते अजून ठरलेलं नाही, मावशी म्हणतात ठेल्याची ताडपत्री आणते.